एका फोनपुरतं इंग्रजी

लहान मुलींच्या बाकांवर मोठी माणसं कशी दिसतात, हे मी जितक्या जवळून पाहिलंय तितकं फार कमी जणांनी पाहिलं असेल. बहरीनला, मनाम्यातल्या एका मुलींच्या शाळेत आमचा संध्याकाळचा वर्ग भरायचा. सकाळी तिथे मुली अरबी मुळाक्षरं गिरवायच्या आणि संध्याकाळी त्याच बाकांत गुडघे कोंबून गवंडी, शिंपी, हॉटेलांतले आचारी आणि हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीतली माणसं "धिस इज अ पेन" म्हणायची. वर्ग सरकारी होता. फी नाही, पुस्तक फुकट, आणि मधल्या सुटीतला गोडमिट्ट काळा चहासुद्धा सरकारचा. बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांना दुकानात, दवाखान्यात चार वाक्यं धड बोलता यावीत, एवढाच त्यामागचा हेतू. पण आपल्या लोकांना फुकट म्हटलं की आधी संशय येतो. सुरुवातीला जो तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "बाई, पुढे व्हिसाच्या वेळी काही भानगड नाही ना?"

मी तिथे मदतनीस होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याला तिथल्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून मी पुण्यातली शाळेची नोकरी सोडून त्याच्या मागोमाग आले होते, आणि दिवसभर फ्लॅटमध्ये एसीची घरघर ऐकत बसण्याचा मला इतका वीट आला होता की कुणी वाळू चाळायला बोलावलं असतं तरी आनंदानं गेले असते. मुख्य शिकवणाऱ्या एक इंग्रज बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. साठीच्या, उंच, पायात पुरुषी बूट. त्यांना आमची कुठलीच भाषा येत नव्हती आणि वर्गातल्या बऱ्याच जणांना त्यांची येत नव्हती. मध्ये मी. माझ्या नाकावर राग असतो, हे माझ्या माहेरीही कुणीही सांगेल. मॅडम मात्र तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतानाही आत्ताच सुचल्यासारख्या सांगायच्या. मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि चीडही यायची.

उन्हाळा ओसरल्यावर एका संध्याकाळी वर्गाच्या दारात एक जोडपं येऊन उभं राहिलं. दोघांनी चपला बाहेर काढलेल्या. तो तिशीच्या आतला, अंगात ॲल्युमिनियमच्या कारखान्याची डांगरी, तिच्यावर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. ती त्याच्या मागे, डोक्यावर पदर, चौथा-पाचवा महिना असावा. मी मराठीत "या" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा इतका खुलला की मी उगाचच लाजले.

"आमी कराडकडचं," तो म्हणाला. "बाई, हिला समदं इंग्रजी नगं शिकवाया. येक फोन करता आला म्हंजे झालं."

मग त्यानं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. तो अस्करजवळच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. भट्ट्यांच्या लाइनीवरून उकळत्या धातूची भांडी उचलून न्यायची. राहायला सनद नावाच्या गावात, एका बहरिनी कुटुंबाच्या घरामागच्या दोन खोल्यांत. घरमालक टॅक्सी चालवायचा, म्हणजे दिवसभर बाहेर. मालकीणबाई जीव लावणारी होती, पण तिची आई लांब, बुसैतीन गावी अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती कधी घरात असेल याचा नेम नाही. फोन मालकांच्या बैठकीत. किल्ली हिच्याकडे देऊन ठेवलेली. मार्चमध्ये दिवस भरत होते. कळा सुरू झाल्या आणि हा शिफ्टवर असला, तर हिनं फोरमनच्या केबिनमध्ये फोन करायचा. फोरमन ह्याला खाली उतरवणार, कंपनीची गाडी देणार, आणि हा येऊन हिला हॉस्पिटलात नेणार. फोरमन गोरा. त्याला अरबी येत नव्हतं, मालकीणबाईला इंग्रजी येत नव्हतं, आणि हिला दोन्ही येत नव्हतं.

"पयलं बाळंतपन हाय," तो म्हणाला. "हितं तिचं मानूस न्हाई कुनी. तेवढा फोन लागला पायजे." बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि पुढच्या खेपेला कुठूनतरी एक बंद पडलेला काळा टेलिफोन आणून टेबलावर ठेवला. वायर तुटलेली, पण डायल छान फिरायची. फोरमन व्हायला आमचे वसईकर तयारच होते. हे वसईचे ख्रिस्ती गृहस्थ एका हॉटेलात आचारी. इंग्रजी धबाधबा बोलायचे, पण लिहिता-वाचता यायचं नाही म्हणून वर्गाला यायचे, आणि लिहिण्याची पाळी आली की त्यांना हमखास तहान लागायची. फोरमन म्हणून ते गाल फुगवून असे काही खेकसायचे, "येस! हू इज धिस?" की मागच्या बाकावरचे शिंपीकाका दचकायचे.

पोरगी हुशार निघाली. गावात सातवीपर्यंत शिकलेली. घरमालक टॅक्सी घेऊन मनाम्याला निघाला की "यल्ला", म्हणजे चल, म्हणून हिला सोबत घ्यायचा आणि वर्गाच्या दारात सोडायचा. दिवाळीच्या आत तिचं बहुतेक सगळं पाठ झालं होतं. हॅलो. गुड मॉर्निंग. आय ॲम स्पीकिंग फ्रॉम सनद. माय बेबी इज कमिंग. प्लीज सेंड...

आणि इथे गाडी थांबायची.

"येस, सेंड हू?" वसईकर खेकसायचे.

ही पदराचा दोरा ओढत खाली बघून हसायची.

"सेंड हू, बाय?"

"हिम," ती अगदी हळू म्हणायची.

"हिम? अगो बाय, हिअर ऑल आर हिम!"

सगळा वर्ग हसायचा. तीही हसायची. पण पुढचा शब्द काही यायचा नाही. मॅडमना वाटलं ती विसरतेय. त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली छडी धरून उभ्या राहिल्या. तिनं फळ्यावरूनसुद्धा नजर काढून घेतली. वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, तो हिला मारतो का?

मला इतकं हसू आलं की मॅडम दुखावल्याच. मग मी त्यांना समजावलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. माझी आई घेत नाही, माझ्या सासूबाई घेत नाहीत. मी बँकेच्या पार्टीत साहेबलोकांसमोर खुशाल नावानं हाक मारते आणि पुण्याला गेले की मुकाट्यानं "अहो" वर येते. मॅडमनी विचारलं, पण तो दुसऱ्या खोलीत असला तर बोलवायचं कसं? मी सांगितलं, बांगड्या वाजवायच्या, खाकरायचं, नाहीतर "अहो" म्हणायचं. मॅडम पार्किंगपर्यंत "अहो, अहो" असं वेगवेगळ्या आवाजात म्हणत गेल्या. त्यांना तो शब्द फार आवडला. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना तोडगा सापडला. नाव नको ना, मग नंबर सांग. कारखान्यात प्रत्येकाला नंबर असतो. ती खूष झाली. पण नंबर मनात मराठीत म्हणायची आणि तोंडानं इंग्रजीत काढायची, त्यामुळे पंचवीसचे बावन्न व्हायचे. आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, तिनं तसंच उलटं केलेलं. वसईकरांनी रिसीव्हर आपटला. "बाय, धिस मॅन इज नॉट वर्किंग हिअर! तू भलत्याच माणसाला बोलावून घेशील हां बाळंतपणाला!" तिनं जीभ चावली. नवऱ्यानंही नंतर येऊन सांगितलं की फोरमनच्या डोक्यात नंबर राहत नाहीत, तो माणसाला नावानंच ओळखतो. झालं, पुन्हा नाव.

डिसेंबर उजाडला तरी आम्ही तिथेच. एका संध्याकाळी माझा पारा चढला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अगं, एक शब्द आहे! आम्ही इतके जण तुझ्यासाठी घसा कोरडा करतोय आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसतेस. नाव घेतलंस म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? मी घेते की माझ्या नवऱ्याचं. आहे अजून धडधाकट!"

ती रागावली नाही.

"तुमी घ्या, बाई," ती म्हणाली. "तुमचं साहेब एसीत बसत्यात. आमचं मालक उकळत्या रसाच्या वर टांगलेलं असत्यात दिसभर. मागल्या म्हैन्यात बाजूच्या लायनीवर साखळी तुटली, त्यांनीच सांगितलं मला. मी रातच्याला त्यांच्या डांगरीवरची भोकं मोजती. मला न्हाई जमायचं."

वसईकरांनी हळूच रिसीव्हर खाली ठेवला. मॅडमना शब्द कळले नव्हते, तरी त्यांनी त्या दिवशी फोन बाजूला ठेवून सगळ्यांना फळांची नावं शिकवली. मी घरी जाऊन नवऱ्याशी उगाचच भांडले. त्याला कारण कळलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही.

संक्रांत आली. आम्ही पाच-सहा जणींनी माझ्या फ्लॅटवर हळदीकुंकू केलं. तीळ बाजारात मिळाले, गूळ पुण्याहून आलेला होता, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. तिलाही बोलावलं होतं. ती हिरवी साडी नेसून आली, पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. बँकवाल्यांच्या बायका उखाण्यापाशी अडल्या. एकीला आठवत नव्हता, दुसरी लाजत होती, माझा मलाच अर्धा आला. हिला कुणी आग्रह करायच्या आतच हिनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात घेतला:

"सनदच्या वाडीत खजुराला घोस,
……रावांचं नाव घ्यायची मला भारी हौस!"

संक्रांतीला खजुराला घोस नसतात, पण ते कुणाला सुचलं नाही. मी तर तिळाचा लाडू हातात धरून तशीच उभी होते. "अगं," मी म्हटलं, "घेतलंस की!"

"उखान्यात चालतंय की," ती म्हणाली, जणू हे मला माहीत नसल्याचंच तिला नवल वाटत होतं. "उखान्यात घेतलेलं लागत न्हाई."

माझ्या डोक्यात त्याच क्षणी प्रकाश पडला. पुढच्या वर्गाला मी मॅडमना म्हटलं, हिच्यासाठी इंग्रजीत उखाणा करू या. मॅडमना आधी काही कळेना. कळल्यावर मात्र त्या खडू घेऊन फळ्याकडे अशा गेल्या, जणू त्या दिवशी दुसरं काही शिकवायचंच नव्हतं. सगळा वर्ग कामाला लागला. लॉण्ड्रीतल्या माणसांनी साबण आणि पाण्याच्या ओळी सुचवल्या. शिंपीकाकांना सुईदोरा हवा होता. वसईकरांचं म्हणणं, त्यात थोडी मासळी पाहिजे. शेवटी मॅडमनी आणि मी मिळून जुळवलं ते असं:

"हॉट इज द मेटल, ब्राइट इज द फ्लेम,
सर, ऑन द टेलिफोन आय टेक हिज नेम!"

आणि लगेच नाव. आणि मग प्लीज सेंड. मॅडमचं म्हणणं होतं की इंग्रजीत नाव कुणी 'टेक' करत नाही, नुसतं म्हणतात. मी म्हटलं, आमच्यात घेतात, आणि घेणारी आमची आहे. त्या हसल्या आणि तसंच राहू दिलं.

पहिल्यांदा तिनं ते म्हटलं तेव्हा नाव बाहेर पडलं. इंग्रजी ओळींच्या शेपटाला, रावासकट, भरधाव. वर्गानं बाकं बडवली. वसईकरांनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि फोरमनच्या आवाजात म्हणाले, "ओके, लेडी, आय ॲम सेंडिंग हिम विथ बँड!"

नेमका हा गोंधळ चालू असताना दारात मंत्रालयाचे अधिकारी उभे होते. पांढराशुभ्र झगा, डोक्याला रुमाल, हातात फाइल. सरकारी पैशावर काय शिकवलं जातं हे बघायला ते कधीतरी येत. आत सगळा वर्ग एका सुरात "हॉट इज द मेटल" म्हणतोय, आणि इंग्रज बाई टेबलावर ताल धरतायत. मॅडम लालबुंद झाल्या. "टेलिफोन प्रॅक्टिस," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मला वाटलं, वर्ग बंद होतोय आता. मी पुढे झाले आणि मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. क्रेन, सनद, बुसैतीनची आजारी म्हातारी, मार्च महिना, आयुष्य कमी होण्याची भीती. ते गृहस्थ फाइल मिटून ऐकत होते.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले की त्यांच्या आईनंही त्यांच्या वडिलांना आजवर नावानं हाक मारलेली नाही. थोरल्या भावाचं नाव घेऊन ती म्हणते 'अबू अमुक', म्हणजे अमुकचा बाप. "हिचंही बाळ झालं की प्रश्न सुटेल," ते म्हणाले. "तोवरच अडचण आहे." मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मार्च?" ती म्हणाली, "येस सर, मार्च." ते म्हणाले, "इंशाल्ला," आणि गेले. पुढच्या वर्गाला शाळेच्या शिपायानं स्टाफरूममधली गादीची खुर्ची आणून पहिल्या रांगेत ठेवली. कुणासाठी म्हणून विचारलं, तर त्यानं नुसतं तिच्या पोटाकडे बोट दाखवलं.

फेब्रुवारीभर ती त्या खुर्चीवर बसून फोन करत होती. वसईकरांना तिनं इतके फोन केले की ते म्हणायचे, आता खऱ्या फोरमनला काही कामच उरलं नाही.

खरा फोन तिनं मार्चमध्ये केला, सकाळी दहाच्या सुमाराला. त्या वेळी मी तिथे नव्हते. जे सांगतेय ते तिच्याकडून आणि नंतर त्याच्याकडून ऐकलेलं. मालकीणबाई नेमकी सकाळीच बुसैतीनला गेली होती. पहिली कळ आली तेव्हा ही तांदूळ निवडत होती. दुसरी आली तेव्हा तिनं किल्ली घेतली, बैठकीचं दार उघडलं आणि डायल फिरवली. पलीकडून आवाज आला, "येस! हू इज धिस?" तिला वाटलं, हे तर वसईकरच, आणि तिला जरा धीर आला. हॅलो झालं. गुड मॉर्निंग झालं. सनद झालं. माय बेबी इज कमिंग झालं. मग तिनं श्वास घेतला आणि उखाणा सुरू केला.

"व्हॉट?" फोरमन म्हणाला. "व्हॉट फ्लेम?"

भट्ट्यांच्या आवाजात त्याला बाकी काही ऐकू आलं नसावं. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की एक घाबरी बाई सांगतेय, धातू तापलाय आणि ज्वाळा दिसतायत. कारखान्याच्या माणसाला दुसरं काय वाटणार? तो ओरडला, "फायर? वेअर इज द फायर?"

हे आमच्या पाठात नव्हतं. वर्गात फोरमननं कधी आगीचं विचारलंच नव्हतं. तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. हॉट इज द मेटल. तो पुन्हा ओरडला. तिला "फायर" माहीत होतं, पण "आग नाहीये" कसं म्हणायचं ते सुचेना. तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि मधेच मोठी कळ आली. ती तिथेच खाली बसली. ओळी सगळ्या विसरल्या. मॅडमचं, माझं, सगळ्या वर्गाचं इंग्रजी गेलं. तोंडात एवढं नावच राहिलं. ते तिनं घेतलं. उखाण्याशिवाय, रावाशिवाय, नुसतं.

मग फोरमन म्हणाला, "होल्ड ऑन."

होल्ड ऑन म्हणजे काय, हेही आम्ही शिकवलं नव्हतं. आमचे वसईकर "ओके" म्हणून फोन ठेवायचे. रिसीव्हरमधून नुसती घरघर येत होती. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती दोन्ही हातांनी फोन धरून त्या घरघरीत त्याचं नाव घेत राहिली.

पण ते पोचलं होतं. कंपनीची पिकअप सनदला आली, ही वेळेवर हॉस्पिटलात गेली आणि दुपारी तिला मुलगी झाली.

संध्याकाळी मी आणि मॅडम भेटायला गेलो. मॅडमनी इंग्लंडहून मागवलेलं लोकरीचं टोपडं आणलं होतं, बहरीनमध्ये कशाला लागणार होतं देव जाणे. वसईकरांनी हॉटेलातून केक पाठवला होता. बाळ गोरंपान, कपाळाला आठ्या घालून झोपलेलं. मी तिच्या उशाशी बसले तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"बाई," ती कानाशी पुटपुटली, "मी नुसतं घेतलं. उखान्याबिगर. लई येळा घेतलं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

डिसेंबरात याच गोष्टीवरून मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या वेळचं सगळं शहाणपण माझ्याजवळ शिल्लक होतं, पण त्यातला एक शब्द तोंडातून निघेना. मी म्हटलं, "वेडी कुठली. कळा देताना घेतलेलं लागत नाही. आमच्या पुण्यात तर तशी पद्धतच आहे. माझ्या आजीनं सगळ्या बाळंतपणांत घेतलं होतं."

"खरं?"

"मी कशाला खोटं सांगू?"

ती शांत झोपली. मॅडमनी बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, तुमचा धडा उपयोगी पडला म्हणत होती. तरीही पुढे कितीतरी महिने ती सोमवार धरत होती, हे मला कळलं होतं. मी काही बोलले नाही.

ती वर्गाला परत आली नाही, बाळ लहान होतं. पण सनदला जाणं-येणं राहिलं. मालकीणबाई हिच्या नवऱ्याला 'अबू' आणि पोरीचं नाव अशी हाक मारायची, हीही मधूनमधून तशीच मारून बघायची आणि हसायची. एरवी तिचं आपलं "अहो". काही वर्षांनी सरकारनं ते वर्ग बंद केले, कारण कधी कळलं नाही. मॅडम मायदेशी परतल्या. जाताना विमानतळावर त्यांनी माझ्या नवऱ्याला अगदी मराठमोळ्या सुरात "अहो!" म्हणून हाक मारली आणि सगळे प्रवासी वळून बघायला लागले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सनदच्या त्या दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यानं गावाकडे विहीर खोदली होती, क्रेन पुरे झाली म्हणाला. इतकी वर्षं त्या भांड्यांवर टांगून घेऊन अंगावर चार डागांपलीकडे काही नाही, याचं माझ्या मनात फार समाधान होतं. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. मुलगी शाळेत जायला लागली होती, मराठी सगळं कळायचं पण उत्तरं इंग्रजीत. तिची आई स्वयंपाकघरात माझ्या हातातून परात हिसकावून घेऊन भाकऱ्या थापायला बसली. मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आले तर माझा नवरा त्याची थट्टा करत होता. म्हणाला, "काय हो, ऐन वेळी तुमच्या फोरमनला कारखान्यात आग लागली असं वाटलं होतं ना?"

तो हसला. मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली घेतला.

"मी वर क्रेनवर हुतो," तो म्हणाला. "फोरमननं रिसीव्हर टेबलावर ठिवला आनि मला हात केला. वरनं उतरून केबिनीत जायाला येळ लागतोय. मला वाटलं, तवर फोन बंद झाला आसंल. कानाला लावला, तर ही. माझं नाव घेतीया. नुसतं. परत घेतीया, परत घेतीया."

"कधी ऐकलं नव्हतं?" मी विचारलं.

"उखान्यात ऐकलं हुतं की, लग्नात. पर त्ये समद्यांसाठी असतंय." तो ग्लास हातात फिरवत राहिला. "ह्ये मला एकट्याला."

आतून तव्यावरच्या भाकरीचा वास आला, आणि पाठोपाठ हाक: "अहो! पाट मांडताय न्हवं?"

"आलो, आलो," तो म्हणाला आणि लगबगीनं उठला. दारापाशी जाऊन पुन्हा वळला.

"बाई, तुमी तिला शिकिवलं हुतं, फोन उचलला की हॅलो म्हनायचं. माझंबी तेवढंच काम हुतं. ती तिकडं कळा देती, मला कळत हुतं." त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. "पर मी हॅलो न्हाई म्हनलो लगीच. म्हनलं, अजून एकदा घिऊ दे."